वसईतल्या चार पहाटा आणि एक खुर्ची

सांगलीहून वसईला निघालेल्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात. किल्ला बघणार का, आणि मासे खाणार का. मी "मित्राला पहाटेच्या नमाजला घेऊन जायचंय" असं उत्तर दिलं, तेव्हा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "पहाटे? तुम्ही?"

प्रश्न रास्त होता. मी आपल्या खुशीनं सूर्योदय कधी पाहिलेला नाही. लहानपणी कार्तिक महिन्यात आई मला काकडआरतीला ओढून न्यायची. मी देवळातल्या खांबाला टेकून झोपायचो आणि प्रसादाला उठायचो. पुढे नोकरीत साहेबांनीही माझ्या उशिराची सवय करून घेतली.

पण बोलावणं जुलेखावहिनींचं होतं. त्यांचा नवरा युसूफ आणि मी पाटबंधारे खात्यात एकाच टेबलाच्या दोन बाजूंना सव्वीस वर्षं बसलो. क्वार्टर्सही भिंतीला भिंत लागून. युसूफ मूळचा वसईचा, कोकणी मुसलमान. निवृत्त झाल्यावर तो आपल्या गावच्या घरी परत गेला. यंदा त्याच्या दोन्ही गुडघ्यांचे सांधे बदलले. ऑपरेशन उत्तम झालं, तो काठी न घेता चालायलाही लागला. तरी वहिनींचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज पडलेला होता.

"भावजी, चार महिने झाले, हे मशिदीत गेलेले नाहीत. पाचही वेळा घरी पढतात, पण गप्प गप्प असतात. सांगलीच्या थंडीतसुद्धा यांनी फजर मशिदीतच पढली, तुम्हाला माहितीये. डॉक्टरांनी स्कूटर चालवायला मनाई केलीय, मुलगी नाशिकला, आणि रिक्षा सांगते म्हटलं तर नको म्हणतात. तुम्ही या. दोन दिवस स्कूटरवरून घेऊन गेलात तर त्यांना परत सवय लागेल."

फजर म्हणजे दिवसाच्या पाच नमाजांतली पहिली. उजाडण्याची पहिली पांढरी रेघ आभाळात उमटली की तिची वेळ सुरू होते आणि सूर्य उगवला की संपते. थोडक्यात, माझी गाढ झोपेची वेळ.

मी बॅग भरली.

गुरुवार

बुधवारी संध्याकाळी पोचलो. युसूफचं घर वसई गावात, किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत. पुढे पडवी, मागे विहीर, नारळाची पाच झाडं. वहिनींनी तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं कालवण वाढलं. आमच्याकडे ज्वारीची भाकरी अशी असते की खाल्ल्यावर माणूस कामाला लागतो. तांदळाची भाकरी खाल्ल्यावर माणूस आडवा होतो. मी दोष भाकरीला देत नाही, पण पुढे जे झालं त्यात तिचा हात होता.

जेवताना ठरलं की जमात सव्वासहाला उभी राहते, म्हणजे साडेपाचला उठायचं. जमात म्हणजे सगळ्यांनी मिळून इमामामागे पढायची नमाज. मी निर्धास्त होतो. मला वाटलं, अजान ऐकून जाग येईलच. सांगलीत यायची की, म्हणजे यायची आणि मी कूस बदलायचो.

"पहाटेच्या अजानमध्ये एक ओळ जास्त असते," युसूफ म्हणाला. "अस्सलातु खैरुम मिनन नौम. दोनदा म्हणतात."

"म्हणजे?"

"झोपेपेक्षा नमाज बरी."

"हे माझ्यासाठीच घातलंय का?"

"तुझ्यासारखे चौदाशे वर्षांपूर्वीपण होते," तो म्हणाला.

सकाळी मला जाग आली ती उन्हानं. घड्याळात सव्वाआठ. पहाटेची अजान हल्ली तिथं भोंग्यावर देत नाहीत, मशिदीच्या आतच होते. लोक मोबाइलच्या गजरावर उठतात. गजर मीही लावला होता, पण संध्याकाळी साडेपाचचा.

बाहेर पडवीत युसूफ पेपर वाचत बसला होता. चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता, उलट जरा जास्तच प्रसन्न वाटला.

"मला उठवलं का नाहीस?"

"पाहुण्याची झोप मोडायची नाही, अशी आमच्याकडे पद्धत आहे."

"कुठं आहे अशी पद्धत?" वहिनी आतून म्हणाल्या. "मी उठवायला निघाले तर मलाही अडवलं यांनी."

मी पाहुणचाराचं कौतुक केलं आणि पोहे खाल्ले. त्या दिवशी दुपारी रिक्षानं जवळच्या निर्मळ गावी गेलो, केळीच्या बागांतून फिरलो आणि सुकेळी घेऊन आलो. सुकेळी म्हणजे वाळवलेली केळी, मधासारखी गोड. ती चघळत मी आणखी तीन गजर लावले. या वेळी सगळे सकाळचे.

शुक्रवार

पहिल्या गजराला वहिनी उठल्या, दुसऱ्याला युसूफ उठला, तिसऱ्याला मी. वहिनींनी आम्हाला चहा दिला, युसूफच्या खांद्यावर नमाजची चटई टाकली आणि माझ्या हातात स्कूटरची किल्ली ठेवली. युसूफनं घरीच वजू करावं असं त्या म्हणत होत्या, म्हणजे नमाजआधीचं हातपाय धुणं. तो म्हणाला, "तिथं जाऊन करीन." तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

बाहेर काळोख होता आणि धुकं. दहा वर्षांनी स्कूटर चालवत होतो. मागे युसूफ, त्याचे नवे गुडघे दोन्ही बाजूंना बाहेर आलेले, त्यामुळे प्रत्येक वळणावर मी रस्त्यापेक्षा त्याच्या गुडघ्यांकडेच जास्त बघत होतो. पहिला नाका आला.

"डावीकडे ना?" मी ओरडून विचारलं.

"हं."

पुढं एक टेम्पो चालला होता. त्याच्या लाल दिव्यांमागून गेलं की धुक्यात बरं पडत होतं. दुसरा फाटा आला.

"सरळ?"

"हं."

हळूहळू वास यायला लागला. आधी मला वाटलं टेम्पोचा असेल. टेम्पोचा होताच, पण टेम्पो उभा राहिला तरी वास वाढतच गेला. समोर होड्यांच्या काठ्या दिसल्या, दिवे दिसले, आणि डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका. आम्ही पाचूबंदरला, कोळ्यांच्या धक्क्यावर पोचलो होतो.

"अरे!" युसूफ म्हणाला. त्या 'अरे'मध्ये आश्चर्य फारच थोडं होतं.

स्कूटर वळवायला गेलो तर बंद पडली. किक मारून मारून माझी चप्पल निसटली आणि मासे ठेवायच्या बर्फात जाऊन पडली. ती काढून आणेपर्यंत सव्वासहा वाजून गेले. जमात चुकली होती. आणि मागे, किल्ल्याच्या बाजूला, आभाळ उजळायला लागलं होतं.

"आता?" मी घाबरलो. वहिनींनी माझ्यावर सोपवलेलं एकच काम होतं.

"सूर्य उगवायला वेळ आहे. इथंच पढतो." युसूफनं धक्क्याच्या पायऱ्यांकडे पाहिलं. "वजू समुद्राच्या पाण्यानंही होतं."

पायऱ्यांवर शेवाळ होतं. तो पहिली पायरी उतरणार एवढ्यात मागून आवाज आला, "ओ बाबा! थांबा! पाय घसरंल तुमचा! गोडं पानी हाय ना इथं!"

मासे निवडत बसलेली एक कोळीण होती. साठीच्या पुढची, लुगड्याचा काष्टा घट्ट, हातात कोयता. सगळे तिला हिराबाई म्हणत होते. तिनं आपला पाण्याचा कॅन पुढं केला. मी धार धरली आणि युसूफनं वजू केलं. तीनदा हात, चूळ, नाकात पाणी, तोंड, कोपरापर्यंत हात, मग ओला हात डोक्यावरून आणि शेवटी घोट्यापर्यंत पाय. त्याचा हात पायांपर्यंत पोचेना, तेव्हा ते मी धुतले. सव्वीस वर्षं एकमेकांच्या फायली निस्तरल्या, पाय पहिल्यांदाच.

"बसायला काहीतरी लागेल," तो हळूच मला म्हणाला. नव्या गुडघ्यांनी जमिनीवर बसायला त्याला बंदी होती. उभं राहता येत होतं, वाकता येत होतं, पण सजद्याला, म्हणजे कपाळ टेकायच्या वेळी, त्याला खुर्ची लागायची. त्यावर बसून तो पुढं झुकायचा.

हिराबाईनं माशांचा निळा प्लास्टिकचा क्रेट रिकामा केला, त्यावर दोन बादल्या पाणी ओतलं, पालथा घातला आणि वर धुतलेलं गोणपाट अंथरलं. त्यावर युसूफनं आपली चटई टाकली. मक्का तिथून पश्चिमेला, जरा उत्तरेकडे कलून. त्यानं तोंड त्या बाजूला केलं. समोर फक्त पाणी होतं.

तो उभा राहिला आणि लिलाव सुरू झाला.

"ए! हळू ओरडा रे! बाबा नमाज पडताहेत!" हिराबाई ओरडली. धक्क्यावर तिच्याएवढा मोठा आवाज कोणाचाच नव्हता. लोक गप्प झाले, की हीच पुन्हा ओरडायची, "गप झालात का सगले?" युसूफ कानांपर्यंत हात नेऊन, मग छातीखाली बांधून उभा होता, त्याचा चेहरा अजिबात हलला नाही. एक मांजर क्रेटपाशी बसून गोणपाट चाटत होतं. सजद्याला तो क्रेटवर बसला, झुकला, आणि मांजरानं त्याच्याकडे वर पाहिलं. चार वेळा असं झालं, कारण रकात म्हणजे नमाजचं एक आवर्तन, त्यात दोन रकात सुन्नत, ज्याच्या त्यानं एकट्यानं पढायच्या, आणि दोन रकात फर्ज, म्हणजे सक्तीच्या, एका रकातीत दोन सजदे... नाही, मी हिशेब चुकतोय, आठ वेळा. मांजर मात्र आठही वेळा हजर होतं.

त्याचं आटोपल्यावर आम्ही धक्क्यावर बसलो, म्हणजे तो क्रेटवर आणि मी दोरखंडांच्या ढिगावर. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"युसूफ, तुझा जन्म कुठला?"

"वसईचा."

"शाळा?"

"वसईलाच."

"मी 'डावीकडे ना?' असं विचारलं तेव्हा तू काय म्हणालास?"

"हं म्हणालो."

"आणि मशीद?"

त्यानं समुद्राकडे पाहिलं. "उजवीकडे."

मला राग यायला हवा होता. पण तो इतका पडलेल्या चेहऱ्यानं बसला होता की मला रागावता येईना. मग त्यानंच सांगितलं. मशिदीत तो कायम पहिल्या ओळीत उभा राहायचा, इमामाच्या उजव्या हाताला. त्याचे वडीलही तिथंच उभे राहायचे. आता ओळीच्या टोकाला खुर्ची घेऊन बसायचं, म्हाताऱ्यांत. सगळे बघणार, विचारणार, हळहळणार.

"वय काय तुझं?" मी विचारलं.

"चौसष्ट."

"मग म्हातारे कोण?"

"पंच्याहत्तरच्या पुढचे," तो गंभीरपणे म्हणाला.

"अरे, आत्ता इथं अख्ख्या बंदरासमोर माशांच्या क्रेटवर बसलास की!"

"इथं मला कोण ओळखतं?"

"ओलखत कसे नाय?" हिराबाई कोयता न थांबवता म्हणाली. "तुमी इस्माईल मास्तरांचे युसूफ ना? माझ्या भावाच्या बाकावर बसायचे शालेत. गुडघे बदलले ना तुमचे? कसे हायेत आता?"

युसूफनं डोळे मिटले. मग त्याला हसू आलं. इतकं, की क्रेट हलायला लागला आणि मांजर पळालं.

हिराबाईनं निघताना बोंबील बांधून दिले. स्कूटर तिच्या नातेवाइकानं एका किकमध्ये चालू केली, याची नोंद मी नाइलाजानं करतो.

वहिनींनी दार उघडलं, पिशवीचा वास घेतला आणि आम्हा दोघांकडे पाहिलं.

"मशिदीत हल्ली बोंबील वाटतात वाटतं?"

मी खोटं बोलायच्या तयारीत होतो, पण युसूफनंच सगळं सांगितलं, खुर्चीसकट. वहिनींनी पिशवी घेतली आणि बोंबील धुवायला नेले. दुपारी रव्यात तळलेले बोंबील वाढताना एवढंच म्हणाल्या, "चार महिने मी समजत होते की स्कूटरचं अडलंय." आणि त्याच्या ताटात दोन जास्तीचे वाढले. दुपारची शुक्रवारची मोठी नमाज त्यानं त्याही दिवशी टाळली. गर्दी असते म्हणाला. पण शनिवारी पहाटे जायचं, हे त्यानं आपण होऊन ठरवलं.

शनिवार

या वेळी नाक्यावर मी विचारलंच नाही, सरळ उजवीकडे वळलो. मशीद लहानशी होती. पांढऱ्या भिंती, हिरव्या खिडक्या, दारात एक पारिजातक. इमामसाहेब तरुण होते. युसूफनं माझी ओळख करून दिली, "हा सदाशिव, सांगलीचा. मागे बसून बघायचं म्हणतो." ते म्हणाले, "बसा की. फक्त पाय धुऊन या, आणि डोक्यावर रुमाल." पाणी इतकं गार होतं की माझी झोप त्या क्षणी उडाली. कायमची उडाली असती तर बरं झालं असतं.

आत दहा-बारा माणसं होती. प्रत्येक जण आपापल्या दोन रकात सुन्नत पढत होता, कोणी उभा, कोणी वाकलेला, कोणाचं कपाळ टेकलेलं. उजव्या टोकाला दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. एकीवर एक पुष्कळच म्हातारे गृहस्थ बसले होते. दुसरी रिकामी.

युसूफ दाराशीच थांबला. मी मागं उभा होतो. मला त्याची पाठ दिसत होती, आणि ती मागं वळायच्या बेतात होती. तेवढ्यात त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मान वळवली. ते हसनचाचा, गावातले सगळ्यांत वयस्कर, कानानं जवळजवळ बहिरे. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही.

"युसूफ!" ते मशीद दणाणेल असं ओरडले. "आलास का? अरे, चार महिने एकटा बसलोय मी इथं! शेजारी बोलायला कोण नाही! ये, बस!"

सुन्नत पढणाऱ्यांतल्या दोघांचे खांदे हलले. इमामसाहेबांनी दाढीवरून हात फिरवत तोंड झाकलं. युसूफ लाल झाला, पण आता परत फिरणं शक्यच नव्हतं. तो गेला आणि खुर्चीपाशी उभा राहिला. हसनचाचांनी त्याच्या हातावर थोपटलं.

मग एकानं इकामत म्हटली, म्हणजे जमात उभी राहत असल्याची हाक, अजानपेक्षा छोटी आणि भरभर. सगळे ओळीत आले. खांद्याला खांदा, टाचा एका रेषेत. मध्ये फट राहिली तर शेजारचा सरकून ती भरायचा. आमच्या देवळात आरतीला आम्ही उभे राहतो तेव्हा पुढचा माणूस उंच निघाला की आम्ही कडेनं डोकावतो. इथं डोकावायला पुढं काही नव्हतंच. भिंत, आणि भिंतीतला एक कोनाडा.

इमामसाहेबांनी पठण सुरू केलं. दुपारची नमाज मनातल्या मनात असते, पण पहाटेची मोठ्यानं, आणि लांबही. आवाज मऊ होता, ओढून ओढून थांबणारा. एका ठिकाणी सगळे मिळून "आमीन" म्हणाले आणि मी दचकलो. मग गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, सरळ झाले, जमिनीवर कपाळ टेकलं. युसूफ खुर्चीत बसून झुकला, शेजारी हसनचाचा झुकले. दुसऱ्या रकातीत वाकून सरळ उभे राहिल्यावर सगळ्यांनी ओंजळी समोर धरल्या. कोकणातले मुसलमान फजरला इथं थांबून दुवा मागतात, हे युसूफनं आधी सांगितलं होतं. इमाम एकेक वाक्य म्हणत होते, मागून हळू आमीन, आमीन. बाहेर पाखरं जागी होत होती. मला खरोखर फार बरं वाटत होतं. मी उजव्या बाजूच्या भिंतीला पाठ टेकली.

यानंतरचं मला नीट सांगता येणार नाही.

डोळे उघडले तेव्हा अख्खी ओळ मान वळवून उजवीकडे बघत होती. उजवीकडे, भिंतीपाशी, मी होतो. माझा घसा कोरडा होता, म्हणजे मी घोरलो होतो यात शंका नव्हती. मी ताडकन सरळ झालो, हात जोडले आणि म्हणालो, "सॉरी! सॉरी हं!"

सगळ्यांनी मान डावीकडे वळवली. मला वाटलं, रागावून तोंड फिरवलं.

तो सलाम होता. नमाज संपताना आधी उजवीकडे आणि मग डावीकडे मान वळवून सलाम म्हणायचा असतो. माझ्याकडे कोणी बघतच नव्हतं. आता मात्र सगळे बघायला लागले.

"सलामाला सॉरी हे उत्तर मी पहिल्यांदाच ऐकलं," इमामसाहेब म्हणाले, आणि मग कोणालाच हसू आवरेना. हसनचाचांना काय झालं ते कळेना. युसूफनं त्यांच्या कानाला तोंड लावून ओरडून सांगितलं, ते हसले, त्यांनी परत विचारलं, त्यानं परत सांगितलं. मग गुडघे, ऑपरेशन, कुठला डॉक्टर, किती दिवस दुखलं. हसनचाचांनीही स्वतःचे गुडघे दाखवले. बाहेर पारिजातकाखाली मी स्कूटरपाशी अर्धा तास उभा होतो आणि आतून दोघांचं ओरडून चाललेलं बोलणं अख्ख्या आळीला ऐकू येत होतं.

रविवार

माझी गाडी दुपारची होती. शेवटचा दिवस नीट व्हावा म्हणून रात्री लवकर झोपलो, आणि काय सांगू, शेवटच्या गजराच्या आधी मला जाग आली. आपली आपण. तोंड धुतलं, रुमाल खिशात घातला, किल्ली घेतली आणि पडवीत आलो. युसूफची चप्पल नव्हती.

"गेले ते," वहिनी चहाचा कप पुढं करत म्हणाल्या. "हसनचाचांची रिक्षा ठरलेली असते रोजची. ते दाराशी येऊन हाका मारत होते, तुम्हाला कशा ऐकू आल्या नाहीत कोण जाणे. मी तुम्हाला उठवू का विचारलं, तर म्हणाले, झोपू दे, त्याचं काम झालं."

मी किल्ली खुंटीला अडकवली. जरा वाईट वाटलं, हे कबूल करतो. तीन दिवस खपून उठायला शिकलो आणि कोणाला गरजच नव्हती.

"तुम्ही बसा भावजी, मी आलेच," असं म्हणून वहिनी आत गेल्या. चहा घेताना सहज आत नजर गेली. मधल्या खोलीत त्यांनी चटई अंथरली होती. पदर डोक्यावरून घट्ट घेऊन, पश्चिमेच्या भिंतीकडे तोंड करून त्या उभ्या होत्या. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. वाकल्या, उठल्या, कपाळ टेकलं. शेगडीवर दूध मंद आचेवर होतं.

आम्ही दोघे दोन पहाटा चहा पिऊन, किल्ली शोधून, आरडाओरडा करत बाहेर पडलो होतो, आणि आम्ही गेल्यावर या घरात रोज हेच होत असणार. सांगलीतही, माझ्या भिंतीपलीकडे, सव्वीस वर्षं. मी कप खाली ठेवला आणि आवाज होऊ नये म्हणून जागचा हललो नाही.

त्यांनी उजवीकडे मान वळवली, मग डावीकडे. थोडा वेळ ओंजळ धरून बसल्या. मग चटईची घडी घातली, दूध उतरवलं आणि बाहेर डोकावल्या.

"भावजी, अंडी उकडू की पोळा करू?"